झाड पडलं, पण बसलं नव्हतं

रात्री दीडच्या सुमाराला जो आवाज झाला तो कडकडाटाचा नव्हता. आधी जमिनीखाली काहीतरी तटातट तुटल्यासारखं वाटलं, मग क्षणभर काहीच नाही, आणि मग एक लांबलचक सळसळ, कुणी ओल्या गाद्यांचा ढीग फरपटत नेल्यासारखी. वीज तासाभरापूर्वीच गेली होती. टॉर्च मारला तरी खिडकीबाहेर काही दिसेना. उजाडल्यावर कळलं की त्यात अंधाराचा दोष नव्हता. काचेला बाहेरून गुलमोहराची पानं चिकटली होती. तीस फूट लांब उभा असलेला गुलमोहर खिडकीशी येऊन पडला होता.

वाऱ्याचा वेग मोजायला आमच्याकडे काही नव्हतं, पण झाडांवरून अंदाज बांधता येतो. ब्रिटिश आरमारातल्या फ्रान्सिस बोफर्टनं १८०५ मध्ये वाऱ्याची जी श्रेणी ठरवली ती जहाजांसाठी होती. जमिनीवरच्या खुणा तिच्यात पुढे आल्या. त्या श्रेणीत आठव्या पायरीला डहाळ्या मोडतात आणि दहाव्या पायरीला, म्हणजे ताशी ८९ ते १०२ किलोमीटरला, झाडं मुळासकट उपटली जातात. आमच्या अंगणात दोन्ही पायऱ्यांचा माल पडला होता. गुलमोहर आडवा, आणि त्याच्या धक्क्यानं शेजारच्या कडुलिंबाच्या तीन फांद्या मोडलेल्या. त्यातली एक खाली आलीच नव्हती. वरच्या बेचक्यात अडकून लोंबत होती.

माझा स्वभाव पसारा दिसला की पदर खोचायचा. मी कोयता आणि हातकरवत घेऊन पायऱ्या उतरले, आणि नवऱ्यानं मागून हाक मारली, "आधी तार बघ."

खांबावरून घराकडे येणारी तार शेंड्याच्या फांद्यांनी खाली ओढली होती. फाटकाजवळच्या ओल्या गवतात ती कुठे जमिनीला टेकली होती आणि कुठे फांद्यांत गुंतली होती, हे पानांच्या ढिगात कळायला मार्ग नव्हता. घरात दिवे नाहीत म्हणजे तारेत वीज नाही, असं मी तोपर्यंत धरून चालले होते. ते चूक. पुरवठा कधीही परत सुरू होऊ शकतो, शेजाऱ्याच्या जनित्रातून उलटा येऊ शकतो. आणि तारेला हातच लागायला हवा असंही नाही. पडलेल्या तारेतून वीज जमिनीत पसरते आणि जसं लांब जावं तसा तिचा दाब उतरत जातो. त्यामुळे लांब टांग टाकली तर दोन पायांखालचा दाब वेगवेगळा असतो, आणि तेवढ्या फरकानं वीज एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरते. म्हणून किमान १० मीटर दूर राहायचं, आणि चुकून जवळ गेलोच तर टांगा न टाकता, पाय जुळवून, घासत घासत मागे सरकायचं. मी पायरीवरूनच मागे फिरले. वीजवाल्यांना फोन केला आणि त्यांची माणसं दुपारी येईपर्यंत अंगणाच्या त्या अर्ध्या भागात कुणाला फिरकू दिलं नाही.

वाट बघण्यात एक काम झालं, फोटो काढून झाले. कुंपणाच्या भिंतीवर पडलेलं खोड, शेजाऱ्यांच्या बाजूला गेलेला शेंडा, फुटलेल्या कुंड्या, उघडं पडलेलं मूळ. पुढे विमा, परवानगी, भिंतीचा खर्च, कशाचा ना कशाचा प्रश्न निघतो, आणि एकदा फांदी हलवली की काय कुठे पडलं होतं हे कुणालाच सांगता येत नाही.

याच वेळात मी एक मूर्खपणाही केला. त्याचं पुढे येईल. खोडाच्या टोकाला मुळांची थाळी उभी राहिली होती, माझ्या उंचीपेक्षा वीतभर जास्त, मातीसकट. तिच्यामागे कमरेइतका खड्डा. बागेच्या नळाचा पाइप तिथे तुटून पाणी साठत होतं. तार अंगणाच्या दुसऱ्या टोकाला असल्यानं मी बिनधास्त त्या खड्ड्यात उतरले, पाइपच्या तोंडात चिंधी कोंबली, आणि गाळ उपसायला नेलेलं घमेलं तिथेच विसरून वर आले.

तारेची माणसं वीज बंद करून तार सोडवून गेली तेव्हा अडीच वाजले होते. मग मी सुटलेच. बारीक डहाळ्या कोयत्यानं, मनगटाएवढ्या फांद्या करवतीनं. पहिला तास फार छान गेला. ओल्या लाकडाचा वास, भुशाचा ढीग, डोळ्यांसमोर मोकळं होत जाणारं अंगण. फांद्यांची तोडलेली बुडं सगळी एका दिशेला ठेवायची, एवढी एक अक्कल मला होती. उलटसुलट रचल्या की त्या एकमेकींत अशा गुंततात की एक ओढायला जावं तर अख्खा ढीग अंगावर येतो.

मग ती फांदी आली. माझ्या मनगटापेक्षा थोडी जाड, दोन्ही टोकं अडकलेली. एक खोडाखाली, एक भिंतीपाशी. मधे कमान. वाटेत येत होती म्हणून मी कमानीच्या बाहेरच्या अंगाला करवत लावली. चारपाच हिसके दिले असतील. फाट्कन आवाज झाला आणि मी मागे बसलेली होते. फांदीचं टोक माझ्या खांद्याला चाटून कानाजवळून गेलं होतं. खांद्यावर हातभर निळा पट्टा पडला, तो तीन आठवडे राहिला. चेहरा एवढ्यावर होता, आणि डोळ्यांवर चष्मासुद्धा नव्हता.

मी करवत ठेवली. त्याच्या आधी मात्र कडुलिंबाची एक मोडकी फांदी कापून झाली होती, तीही वरून एका दमात. अर्धी कापली गेली आणि उरलेली स्वतःच्या वजनानं खाली आली, येताना खोडाची हातभर साल सोलून घेऊन आली. केळीचं सोपट निघावं तशी. वाईट वाटलं, पण तेव्हा त्याचा अर्थ कळला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी झाडं तोडणारे मामा आले. साठीचे, किरकोळ अंगाचे, बरोबर एक पोरगा. डोक्यावर जाळीचं हेल्मेट, कानांवर टोप्या, आणि मांड्यांवर जाड अस्तराची विजार. त्या अस्तरात लांब चिवट धागे असतात. चेनसॉची, म्हणजे यंत्रावर चालणाऱ्या करवतीची, साखळी मांडीला लागलीच तर ते धागे ओढले जाऊन तिच्या दात्यांत गुंततात आणि यंत्र जागच्या जागी थांबतं. चेनसॉ त्यांनी गाडीतच ठेवला. पहिली वीसपंचवीस मिनिटं मामा नुसते झाडाभोवती फिरले. वाकून खोडाखाली बघितलं, फांद्या कुठे कुठे टेकल्यात ते बघितलं, एकदोन ठिकाणी पायानं दाबून बघितलं. मला जरा राग आला. आम्ही सकाळपासून त्यांची वाट बघत होतो, आणि हे प्रदक्षिणा घालताहेत.

"ताई, हे झाड पडलंय, पण बसलं नाहीये अजून," ते म्हणाले.

मग त्यांनी दाखवलं. गुलमोहराचं खोड जमिनीला कुठेच टेकलेलं नव्हतं. एका बाजूला मुळांची थाळी, दुसऱ्या बाजूला छत्रीसारख्या पसरलेल्या फांद्या आणि भिंत, आणि मधे चारपाच टन लाकूड तोलून धरलेलं. खालची एकेक फांदी म्हणजे त्या वजनाखाली वाकलेला एकेक धनुष्याचा दांडा. मी आदल्या दिवशी त्यातलाच एक सोडवला होता, आणि तोही चुकीच्या अंगानं. अशा कमानीला बाहेरून हात लावायचा नसतो. तिथले तंतू ताणलेले असतात, एक तुटला की सगळे तुटतात. बाजूला उभं राहून कमानीच्या आतल्या अंगानं, जिथे लाकूड दाबलं गेलेलं असतं तिथून, थोडं थोडं तासत जायचं. फांदी आवाज न करता हळूहळू मऊ पडते. मामांनी तशी एक करून दाखवली. दहा मिनिटं लागली. शेवटी ती फांदी म्हाताऱ्या माणसासारखी कण्हत खाली बसली.

ओंडक्यांचं गणितही तेच. मला ते कळेना, तेव्हा माझ्या मुलीनं दप्तरातलं खोडरबर आणलं. दोन वह्यांवर दोन टोकं ठेवून मधे दाबलं की रबराची वरची बाजू चिमटते आणि खालची फाकते. म्हणजे दोन्हीकडे टेकू असलेला ओंडका वरून कापायला घेतला तर काप मिटत जातो आणि करवत आत आवळली जाते. तिथे वरून तिसरा हिस्सा कापून थांबायचं आणि उरलेलं खालून वर यायचं. एकच टोक वहीवर ठेवून दुसरं अधांतरी दाबलं की सगळं उलटं: वरची बाजू फाकते. तिथे आधी खालून तिसरा हिस्सा, मग वरून. हे उलटं झालं तर ओंडका मधोमध फाटतो, आणि फाटलेलं लाकूड कुठे जाईल याचा नेम नसतो.

मामा म्हणाले, "पोरीला कळलं, तुम्हाला आता कळेल."

तरी दुपारी माझी हातकरवत एकदा आवळली गेलीच. मी जोर लावून ओढायला लागले, तर पोरगा हसत आला, त्यानं कापात लाकडाची पाचर ठोकली, खालून पहार घालून ओंडका बोटभर उचलला आणि करवत अलगद काढून दिली. ओढली असती तर पातं गेलं असतं.

चेनसॉबद्दल थोडंच सांगते, कारण तो मी चालवला नाही, आणि दिवसभर बघून झाल्यावर चालवावासा वाटलाही नाही. त्याच्या पात्याच्या टोकाचा वरचा भाग कशाला टेकला की यंत्र उसळून थेट चालवणाऱ्याच्या तोंडाकडे येतं. विचार करायला वेळच मिळत नाही. म्हणून मामांचा डावा अंगठा सतत मुठीखालून वळलेला होता, यंत्र एकदाही खांद्याच्या वर गेलं नाही, आणि ते नेमके पात्याच्या रेषेत कधी उभे राहिले नाहीत, किंचित डावीकडे. प्रत्येक मोठ्या कापाआधी मागे सरकायची वाट पायानं काटक्या बाजूला सारून मोकळी करायचे. शिडीवर चढून चेनसॉ चालवा असं कुणीतरी सुचवलं (शेजारून सुचवणारे पुष्कळ असतात), तेव्हा त्यांनी उत्तरच दिलं नाही.

सगळ्यात आधी त्यांनी कडुलिंबावरची ती लोंबकळणारी फांदी उतरवली होती. माझ्या लेखी ती शेवटची होती. वर आहे, राहू दे, वाटेत तर नाही. पण तिच्याखाली आम्ही सगळे दिवसभर वावरणार होतो, आणि अशी फांदी खाली यायला वाराही लागत नाही. वजन बांधलेली दोरी वर टाकून त्यांनी तिच्यावरून दोर ओवला आणि सगळ्यांना लांब उभं करून तिरकस ओढली. ती जिथे आदळली तिथे आदल्या दिवशी मी चहाचा कप घेऊन बसले होते.

साडेतीनच्या सुमाराला मुळाची पाळी आली. फांद्या गेल्या होत्या, खोडाचे शेंड्याकडून तुकडे होत होत दीडएक मीटरचा बुंधा तेवढा थाळीला चिकटून उरायचा होता. मामांनी पोराला, मला, मुलीला, कुत्र्याला, सगळ्यांना पार ओट्यावर पाठवलं. मग शेवटचा काप. खोड धप्पकन खाली पडलं आणि वजन सुटल्याबरोबर ती माणसापेक्षा उंच थाळी, मातीसकट, बुंध्यासकट, मागे झुलली आणि होती त्या जागी जाऊन उभी राहिली. दार लावावं तशी. जमीन हादरलेली ओट्यावर पायांना कळली. खड्डा नाहीसा झाला होता.

मला घमेल्याची आठवण आली. ते दुसऱ्या दिवशी माती उकरताना सापडलं. लोखंडी घमेलं, भाकरीसारखं सपाट.

मी कुणाला काही बोलले नाही. नवऱ्यानं बघितलं, घमेलं उचलून गच्चीवर नेऊन ठेवलं. अजून तिथेच आहे.

झाड का पडलं, याचं उत्तरही त्या थाळीत होतं. मी समजत होते की झाडाची मुळं झाडाइतकीच खोल जातात. तसं नसतं. बहुतेक झाडांची बरीचशी मुळं वरच्या साठेक सेंटिमीटर मातीत असतात आणि घेराच्याही बाहेर लांबवर पसरतात. गुलमोहराची तर विशेषच उथळ आणि रुंद. तीन दिवसांच्या पावसानं मातीची पकड ढिली झालेली, वर पानांनी भरलेला शेंडा शिडासारखा. पण एवढ्यानं ते पडलं नसतं. मामांनी ज्या बाजूनं वारा आला होता त्या बाजूची मुळं दाखवली. बोटानं भुगा होत होता. काळी, भुसभुशीत, आणि सगळी एका सरळ रेषेत तुटलेली. सरळ रेषेत मुळं आपण होऊन तुटत नाहीत. सहा वर्षांपूर्वी बागेच्या नळासाठी आम्ही तिथून चर खणला होता. तोच नळ. वाऱ्याच्या बाजूची मुळं म्हणजे तंबूच्या ताणलेल्या दोऱ्या, आणि आम्ही त्या पाइप सरळ जावा म्हणून कापल्या होत्या. झाड नंतर सहा वर्षं फुललं, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही.

मग उरली हमाली. ती सांगण्यासारखी नाही, पण एका आकड्यानं माझे डोळे उघडले. ४० सेंटिमीटर जाडीचा एक मीटर ओंडका म्हणजे सुमारे सव्वाशे लिटर लाकूड. ओलं लाकूड पाण्यापेक्षा थोडं हलकं धरलं तरी शंभर किलो. एवढासा तर आहे, म्हणून दोघांनी उचलायला जायचं आणि कंबर धरून बसायचं. आम्ही हातभर लांबीचे तुकडे करून घेतले आणि ते उचलण्याऐवजी लोळवले.

जाड तुकडे फोडून, खाली विटा ठेवून, घराच्या भिंतीपासून लांब रचले. भिंतीला टेकवून रचलेलं लाकूड म्हणजे वाळवीला घातलेला जिना. वर पत्रा, बाजू उघड्या. जळणाला लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या खाली यावा लागतो, त्याला सहा महिने ते वर्ष जातं. दोन ओंडके एकमेकांवर आपटले की ओले असताना थप्प वाजतात आणि वाळले की टणत्कार येतो, हे मला फार आवडलं. त्या वर्षी मी जातायेता ओंडके वाजवत असायचे. बारीक फांद्यांचा मामांच्या यंत्रातून चुरा झाला. तो झाडांच्या आळ्यांत चारेक बोटं जाड पसरला, खोडापासून वीतभर जागा सोडून, नाहीतर साल ओली राहून कुजते. मातीत कालवला मात्र नाही. ओला लाकडाचा चुरा मातीत मिसळला की तो कुजवणारे जंतू तिथला नत्र स्वतःकडे ओढून घेतात आणि रोपं पिवळी पडतात. नुसता वर पसरला तर तसा त्रास होत नाही. पानांचा ढीग मागे लावला, तो चौथ्या दिवशी आतून इतका तापला की हात घालवेना. गुलमोहराच्या त्या तलवारीसारख्या शेंगा तेवढ्या कशातच कुजेनात.

जाण्याआधी मामांनी कडुलिंबाच्या उरलेल्या मोडक्या फांद्या नीट कापल्या, आणि मला समोर उभं केलं. पहिला काप खोडापासून हातभर अंतरावर, खालून, थोडासाच. दुसरा त्याच्या जरा पुढे, वरून. फांदी पडते, पण साल खालच्या कापाशी येऊन थांबते, सोलत नाही. आता उरला खुंट. तो तिसऱ्या कापानं काढायचा, पण खोडालगत सपाट नाही. फांदी जिथे खोडातून निघते तिथे एक फुगीर कडं असतं, गळ्यातल्या कॉलरसारखं. त्याच्या किंचित बाहेर.

मी म्हटलं, यावर रंग नाही का लावायचा? आमच्याकडे कापलेल्या जागेवर नेहमी काहीतरी फासलं जायचं. मामा म्हणाले, झाड स्वतःचं बघतं. मी नंतर वाचलं, तर अमेरिकेच्या वनखात्यात काम केलेल्या अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो झाडं उभी चिरून हेच पाहिलं होतं. झाड जखम भरून काढत नाही; कुजलेल्या भागाभोवती आतून भिंती उभ्या करून तो कोंडून टाकतं आणि बाहेरून नवीन लाकूड चढवतं. १९७७ मध्ये त्यांनी ते नीट मांडलं. त्या भिंतींतली सगळ्यात मोक्याची तयारी त्या फुगीर कड्यात असते. रंगानं कूज थांबत नाही, उलट ओल आत धरून राहते.

"आणि ही?" मी माझी कापलेली फांदी दाखवली, जिची साल हातभर सोलली होती.

त्यांनी फाटलेल्या सालीच्या लोंबत्या चिंध्या धारदार सुरीनं कडेनं साफ केल्या, आणि मान हलवली. "हिचं बघू," म्हणाले.

त्याला आता चौदा महिने झाले. मामांच्या दोन कापांभोवती नव्या सालीचा गोल कंगोरा चढला आहे, एखाद्या वड्याच्या कडेसारखा जाड, आणि मधे रुपयाएवढी जागा उघडी आहे. माझ्या कापाच्या दोन्ही कडांनीही साल आत सरकते आहे, पण लांब उभा पट्टा अजून तसाच, मधे चीर पडलेला. पाऊस थांबला की त्या चिरेतून काळ्या मुंग्या रांगेनं आत जातात आणि प्रत्येक मुंगी बाहेर येताना पांढरं काहीतरी तोंडात धरून येते.